तीन रात्रींचं मौन रिट्रीट : खाटेपासून कुमसारापर्यंत

गुरुवारी संध्याकाळी सहाला नोंदणी, रविवारी दुपारी मिस्सा (कॅथलिक उपासना) आणि जेवण उरकलं की सुट्टी. मधल्या तीन रात्री फोन बंद, बोलणं बंद. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, जवळ आला की बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यातल्या चर्चांच्या फळ्यांवर अशा रिट्रीटच्या, म्हणजे एकांतातल्या प्रार्थना-शिबिरांच्या, चिठ्ठ्या लागतात. त्यांवर हल्ली ‘मनःशांती’ हा शब्दही असतो, आणि येणाऱ्यांतले बरेच जण खरं तर तेवढ्यासाठीच येतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरातलं कुणी गेलंय, मुलगा आखातात आहे आणि जीव थाऱ्यावर नाही. हा रिव्ह्यू अशा माणसासाठी आहे. प्रार्थना खरी की खोटी याचा निवाडा इथे नाही. तीन दिवस राहून तब्येतीच्या पदरात काय पडतं, तेवढंच बघायचं आहे.

केंद्र खानापूरच्या बाजूचं. नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली लिहिलेल्या बऱ्यावाईट गोष्टी कुठल्याही केंद्राला लावून बघता येतात. गुण पाचपैकी साडेतीन. अर्धा अर्जावर कापला, एक शनिवारच्या रात्रीवर.

आधी अर्ज. एका पानाचा आहे. नाव, वय, धर्मग्राम किंवा मंडळी (म्हणजे आपलं चर्च), घरच्या एका माणसाचा फोन नंबर, आणि ‘काही आजार असल्यास’ म्हणून एक रिकामी ओळ. ती ओळ बहुतेक जण कोरी सोडतात किंवा ‘बीपी’ लिहून मोकळे होतात. तिथे चार सरळ प्रश्न हवेत: रोजच्या गोळ्या कोणत्या, मानसोपचाराची औषधं चालू आहेत का, दारू रोज लागते का, गेल्या काही दिवसांत जीव नकोसा झालाय का. हे प्रश्न आगाऊपणाचे वाटतात म्हणून कुणी विचारत नाही, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

दारूचंच घ्या. घरची माणसं नवऱ्याला किंवा भावाला ‘तीन दिवस देवाच्या घरी राहिला की सुटेल’ म्हणून आणून सोडतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या दिवसापासून चौथ्यापर्यंत भ्रमाचा धोका असतो: नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे चालतात, ताप चढतो, माणूस स्वतःचं नाव विसरतो. यात जीवही जातो. वेळापत्रकाशी ताडून बघा, हा काळ शुक्रवार संध्याकाळ ते रविवार असा बरोब्बर रिट्रीटवरच येतो. मग कुणाला वाटतं भूत निघतंय, आणि डॉक्टरऐवजी पवित्र पाणी आणायला माणूस धावतो. अशा माणसाची दारू आधी जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसोपचाराच्या रुग्णालयात, औषधांच्या आधाराने सुटली पाहिजे. रिट्रीट त्यानंतर महिन्याभराने, आणि तेव्हा ते खरंच उपयोगी पडतं.

गोळ्यांचंही तसंच. फिटच्या गोळ्या ‘विश्वासाने’ अचानक बंद केल्या तर एकामागून एक फिट येऊ शकतात. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारी गोळी) घेणाऱ्याने पाणीसुद्धा न पिता उपास धरला तर अंगातलं पाणी कमी होऊन रक्तात लिथियम चढतं. उलट्या, जोराची थरथर, तोल जाणं ही त्या विषबाधेची चिन्हं आहेत. आत्म्याचा स्पर्श समजून टाळ्या वाजवण्याची ती वेळ नव्हे. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन जेवण चुकवलं तर दोन-तीन तासांत घाम, धडधड, बडबड सुरू होते. तेव्हा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, पंधरा मिनिटांनी तपासायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढायची.

इथे शुक्रवारी ‘कडक उपास’ सुचवतात. ऐच्छिक म्हणतात, पण भोजनगृहात आपण एकटेच ताट घेऊन बसलो की तो किती ऐच्छिक राहतो ते कळतं. खुद्द कॅथलिक चर्चचा नियम यापेक्षा मऊ आहे. सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही वय १८ ते ५९ या लोकांना, त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं चालतं, आणि आजाऱ्याला सूट. ज्याला गोळ्या चालू आहेत त्याने शुक्रवारी निमूट ताट घ्यावं.

खोली दोन खाटांची. गादी पातळ, ब्लँकेट मिळतं, चादर आणि उशीचा अभ्रा आपला न्यावा. खानापूरकडचा पाऊस लक्षात घ्या: जुलै ते सप्टेंबर भिंतींना ओल आणि बुरशी असते, दमेकऱ्याने त्या दिवसांत जाऊच नये, नाहीतर इनहेलर उशाशी. इन्सुलिनची न उघडलेली पेनं स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये ठेवून देतात, पण आपलं नाव लिहिलेला डबा द्यावा लागतो.

जेवण साधं आणि वेळेवर. भाकरी किंवा चपाती, उसळ, भात, सार, रविवारी मटण. चहा मात्र दोनदाच, सकाळी साडेसहा आणि दुपारी चार. आपल्याकडे दिवसाला पाच-सहा कप रिचवणारा माणूस दुर्मिळ नाही. त्याचं डोकं शुक्रवारी सकाळपासून जड होतं, शनिवारी फुटायला लागतं, त्याबरोबर सुस्ती आणि चिडचिड. शनिवारच्या प्रवचनात फादर सांगतात की दुसऱ्या दिवशी सैतान जोराचा विरोध करतो. करत असेल, पण त्यातला बराचसा विरोध चहाच्या कपातून येतो: कॅफिन एकदम कमी केलं की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी शिगेला पोचते. आठवडाभर आधीपासून दर दिवसाआड एक कप कमी करत आणलं तर हा त्रास होत नाही. ते जमलं नाही तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन हळूच कानडीत ‘इन्नोंद चा कोडरी’, म्हणजे ‘आणखी एक चहा द्या’, म्हणायचं. तिथे मौन लागू नाही.

भाषेचं सांगायलाच हवं. प्रवचनं मराठीत, गाणी निम्मी कोंकणीत, स्वयंपाकघर सगळं कानडीत. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं. कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. त्यामुळे एकाच रांगेत बेळगाव कॅम्पातला कोंकणी कॅथलिक आणि मराठी बायबलवर वाढलेली मेथडिस्ट बाई बसलेली असते. रिट्रीट कॅथलिक आहे, तेव्हा इतर मंडळींच्या लोकांना मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. हे नोंदणीच्या वेळी शांतपणे सांगतात, ऐन रांगेत अडवत नाहीत, ही चांगली पद्धत. रोझरीच्या, म्हणजे मणी मोजत मारियेच्या जपाच्या, वेळी त्यांना स्तोत्रं वाचत बसायची मुभा आहे. कुमसार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) किंवा सल्ला मात्र आपल्या घरच्या भाषेत मिळेल का, हे आधी विचारून घ्या. रडू येण्याजोगं बोलायचं असेल तेव्हा शिकलेली भाषा पुरत नाही.

दिवसाचा आराखडा नेहमीचाच: साडेपाचला घंटा, चार प्रवचनं वीस-वीस मिनिटांची, प्रत्येकानंतर पाऊण तास एकट्याने बसायचं, संध्याकाळी मिस्सा, साडेनऊला दिवे बंद. यातली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे शुक्रवारची दुपार. पहिलं प्रवचन एलीयावर असतं. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून झाल्यावर. एवढं सांगून फादर सगळ्यांना दीड ते साडेतीन झोपायला पाठवतात. प्रार्थना नाही, वाचनही नाही. कित्येक जण इतके शिणलेले असतात की या दोन तासांनीच त्यांचा चेहरा बदलतो. त्याला चमत्कार म्हणायची घाई कुणी करत नाही, हे त्यांचं कौतुक.

आता आत्मपरीक्षणाचं कार्ड. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, एका बाजूला पाच ओळी, दुसरी बाजू कोरी. ही जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोलाची पद्धत, दिवसातून दोनदा, दुपारी आणि झोपण्याआधी. एका वेळेला बारा मिनिटं पुरतात, आणि वेळ अशी वाटावी: तीन मिनिटं आभार, एक मिनिट ‘मला नीट दिसू दे’ एवढीच विनंती, पाच मिनिटं उठल्यापासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून नेणं, दोन मिनिटं जे चुकलं त्याची क्षमा, एक मिनिट पुढच्या दिवसासाठी एकच ठराव. आभार ‘कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल’ असे ठोकळ मानले तर काही होत नाही. ‘बसमध्ये एका पोराने उठून जागा दिली’ इतकं बारीक हवं. ठरावही ‘चांगला वागेन’ असा नको. ‘सकाळी आईला फोन करेन’ असा, संध्याकाळी झाला की नाही सांगता येईल असा.

बिघडतं ते चौथ्या ओळीवर. काही जणांची ही दोन मिनिटं वाढत वाढत बाराची बारा खाऊन टाकतात. मग तेच पाप पुन्हा आठवायचं, नीट सांगितलं होतं का याची शंका, पुन्हा कुमसाराच्या रांगेत. हा भक्तीचा उत्साह दिसतो, पण तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असू शकतो, आणि ‘काही नाही रे, देवाने माफ केलंय’ हे दर वेळी सांगितल्याने तो वाढतो. खात्री मिळाल्याचा आराम तासभर टिकतो आणि शंका दामदुपटीने परत येते. इग्नेशियस स्वतः यातून गेला. १५२२ साली स्पेनमधल्या मन्रेसात तो जुनी पापं पुन्हापुन्हा उकरून काढत होता, इतका की जीव द्यावा असे विचार यायला लागले. त्याने आठवडाभर अन्न टाकलं, ते धर्मगुरूने आज्ञा करून सोडवलं. इथले फादर या बाबतीत पक्के आहेत. तेच पाप दुसऱ्यांदा घेऊन येणाऱ्याला ते ऐकून न घेता परत पाठवतात आणि रिट्रीटनंतर डॉक्टरांना भेटायला सांगतात. कडक वाटतं, पण बरोबर आहे.

कुमसार आणि सल्ला या दोन वेगळ्या खिडक्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. कुमसारात सांगितलेलं धर्मगुरूला कुठेही, कुणाहीपुढे उघड करता येत नाही. चर्चच्या कायद्यात ते कलम ९८३ आहे. सल्ल्याची वीस मिनिटं, विशेषतः जिथे सिस्टर किंवा प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक बसतात, त्या गुप्ततेच्या बंधनात येत नाहीत. बसल्याबसल्या विचारावं: ‘हे कुणाकुणाला कळेल?’ इथे उत्तर सरळ मिळालं.

रोझरीबद्दल एक मोजमाप. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा छोटा अभ्यास आला, २३ निरोगी माणसांवर. लॅटिन ‘आवे मारिया’ नेहमीच्या पद्धतीने, अर्धी एकाने आणि अर्धी दुसऱ्याने म्हटली की श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाला त्याचा फायदा होतो. योगातल्या मंत्राचाही परिणाम तसाच निघाला. म्हणजे एका ‘नमो मारिया’ला दहा सेकंद. माळेत ५३ ‘नमो मारिया’, तर त्यालाच जवळजवळ नऊ मिनिटं. सहा ‘आमच्या बापा’, रहस्यांची घोषणा, सुरुवातीचा विश्वासांगिकार धरून पंधरा मिनिटांच्या आत रोझरी संपली तर ती पळवली. शुक्रवारी इथे दहा मिनिटांत संपवली. पुढच्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्यांनी उचलायचं, ही आपल्याकडची घराघरातली सवय आहे. भक्ती असेल त्यात, पण श्वासाला काही मिळत नाही. शनिवारी एका सिस्टरने पुढारपण घेतलं, प्रत्येक अर्ध्यानंतर एक श्वास थांबून, तेव्हा सभागृह खरंच शांत झालं.

शनिवारी दुपारचा भाग सगळ्यात मोलाचा: विलापाचं स्तोत्र लिहिणं. आधी दोन स्तोत्रं वाचायला देतात. तेरावं, सहाच ओव्यांचं, ‘किती काळ’ असं चार वेळा विचारून शेवटी भरवशावर येणारं. आणि अठ्ठ्याऐंशीवं, जे अंधारातच संपतं, वर उजेड येत नाही. मग कागद. पहिली ओळ हाक, मग तक्रार, मग मागणं, शेवटी भरवसा. सूचना अशी की तक्रार कमीत कमी दहा ओळी हवी, त्यात देवाची बाजू घ्यायची नाही, आणि भरवशाची ओळ येत नसेल तर जागा कोरी सोडायची. आपल्याकडे मयताच्या घरी तिसऱ्या दिवशीच ‘देवाची इच्छा’ म्हणून रडणाऱ्याचं तोंड बंद करतात. अशा रडणाऱ्यांसाठी ही कोरी ओळ मोठी सोय आहे. कागद कुणी वाचत नाही, रात्री वेदीपुढच्या परातीत जाळतात.

याला आधार आहे. केनेथ पारगामेंट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांकडे दोन वर्षं लक्ष ठेवलं. निष्कर्ष २००१ मध्ये आले. ‘देवाने मला टाकलं’, ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे का’, ‘हे सैतानाने केलं’ या विचारांनी झुरणाऱ्यांत मरणाचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त निघाला. श्रद्धा तब्येतीला बरी की वाईट असा एकच प्रश्न करून भागत नाही. देवाशी भांडण मोकळेपणी झालं की मनात कुजत राहिलं, याने फरक पडतो.

आणि म्हणूनच शनिवारच्या रात्रीने घात केला. नऊ वाजता चंगाईची, म्हणजे आजार बरे होण्यासाठीची, प्रार्थना. दिवसभर ज्यांना ‘तक्रार करा’ सांगितलं, त्यांना बाहेरून आलेला वक्ता स्टेजवरून म्हणतो, बरं झालं नाही तर विश्वास कमी पडला. दोन तास मोठ्याने संगीत, रांगेत उभं करून डोक्यावर हात, काही जण कोसळतात, मागे धरायला माणसं नेमलेली, पण फरशी उघडी. कंबर-गुडघे दुखणाऱ्याला त्या भारलेल्या वातावरणात खरंच बरं वाटतं, वेदना काही तास दबतात. लगेच माईक पुढे करून साक्ष मागतात. साक्ष घ्यायचीच तर महिन्याने घ्यावी, साखरेची असेल तर लॅबच्या कागदासकट. ज्याने स्टेजवर ‘मी बरा झालो’ म्हटलं, त्याला सोमवारी गोळी घ्यायची लाज वाटते, खरा धोका तो. शिवाय साडेअकरापर्यंत कुणी झोपत नाही आणि दोन दिवसांत रुळलेली झोप एका रात्रीत विस्कटते.

‘सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतायत’ हे वाक्यही जपून वापरावं. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांवर चाचणी केली. अनोळखी लोकांच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना चाललीय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ती ५९ टक्क्यांना झाली, तेच प्रार्थना चालू असून ज्यांना खात्री दिली नव्हती त्यांच्यात ५२ टक्क्यांना. त्यामुळे प्रार्थना थांबवायचं कारण नाही. पण आजाऱ्यावर बरं होऊन दाखवायचं ओझं टाकू नये. खाटेशी बसून हात धरणं आणि पेज भरवणं यात तसलं ओझं नसतं.

शनिवारचं रात्रीचं सत्र चुकवता येतं. ‘डोकं दुखतंय’ म्हणून खोलीत जा, कुणी अडवत नाही.

रविवारी मिस्सेनंतर फोन परत मिळतात. ठरलेली फी नाही, पाकीट ठेवायचं. इथे केंद्राचं काम संपतं, आणि हीच त्यांची तिसरी उणीव, जरी तिचे गुण कापलेले नसले. मंगळवार-बुधवारी मन खाली येतं. घर तेच, सासू तीच, हप्ते तेच. इग्नेशियसचा नियम इथे कामाचा आहे: मन कोरडं पडलेलं असताना आधीचा ठराव बदलायचा नाही. रिट्रीटच्या भरात नोकरी सोडायचं ठरवलं असेल तर तेही महिनाभर बाजूला ठेवा. टिकणारी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेतल्या ७४,५३४ परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवर २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात आठवड्यातून एकाहून जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघालं, आणि त्यामागच्या दुव्यांत एकमेकींचा आधार हा मोठा होता. तीन रात्रींपेक्षा दर रविवारी मागच्या बाकावर ‘काय गं, गेल्या वेळी आली नाहीस?’ विचारणारी बाई जास्त कामाची. जीव नकोसा झालाय असे विचार असतील तर पुढच्या रिट्रीटची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट चालतो आणि मराठीत बोलता येतं.

जायचं ठरलं तर नोंदणीचा फोन सकाळी अकराच्या सुमारास करा, ऑफिसात तेव्हा माणूस असतो. विचारा: शुक्रवारी जेवण मिळेल का, गोळ्यांच्या वेळेला उठू देतील का, सल्ला कुठल्या भाषेत, रात्री कुणाला बरं नाहीसं झालं तर गाडी आहे का, आणि घरी गेल्यावर बुधवारी कुणाला फोन करायचा. शेवटच्या प्रश्नाला ‘देव आहे ना’ असं उत्तर आलं तर आभार मानून ठेवून द्या. एखादं नाव आणि वेळ सांगितली तर खाट राखून ठेवायला सांगा, शक्यतो खिडकीकडची, कारण दाराकडच्या खाटेवर रात्रभर संडासाच्या दिव्याचा उजेड येतो.